शेवटचं नाव खरं

११ सप्टेंबर, रविवार

सकाळी मेल उघडला आणि चहा तसाच गार झाला. मंगलनं 'बालाघाट'मध्ये बदल सुचवलाय. सुचवलाय कसला, एकोणीस फायलींत हात घातलाय. वर तीन ओळींचं पत्र: "सर, नावांची एकच यादी पुढं पुरणार नाही. मी दुसरी पद्धत करून पाहिली. सवडीनं बघा."

सवडीनं म्हणे. चार वर्षं कॉलेजात दिवसभर शिकवून उरलेल्या वेळात मी 'बालाघाट' ही भाषा उभी केली. मराठीत प्रोग्रॅम लिहिता यावा, आपल्या पोरांना इंग्रजीची भीती आडवी येऊ नये, म्हणून. भाषा माझी, ती यंत्राला समजावून देणारा कंपायलर माझा, चुकलं तर पडद्यावर येणारं वाक्यसुद्धा माझं. आणि पहिल्या वर्षाला माउस कसा धरायचा हे जिला मी दाखवलं, ती पोरगी आता मला एकोणीस फायली दुरुस्त करून पाठवते.

लिहून काढतो, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल. बालाघाटमध्ये नावाचा कारभार साधा आहे. 'वजन', 'गाव', 'आई', कशालाही नाव दिलं की ते एका मोठ्या यादीत जातं. पुढं ते नाव कुठंही आलं की कंपायलर यादीत बघतो आणि त्या नावाची वस्तू काढून देतो. तेच नाव कुणी परत दिलं तर जुनी नोंद पुसली जाते, नवी बसते. शेवटचं नाव खरं. आठ वर्षांच्या पोराला दोन मिनिटांत समजतं.

मंगलचं म्हणणं, प्रत्येक फाइल ही एक वस्ती धरायची. वस्तीतली नावं वस्तीत. नाव शोधताना कंपायलरनं आधी आपल्या वस्तीत बघायचं, तिथं नसेल तर जोडलेल्या दुसऱ्या वस्त्यांत. दोन वस्त्यांत तेच नाव निघालं तर पुढं जायचं नाही, थांबून विचारायचं की यातलं कोणतं. मग लिहिणाऱ्यानं वस्तीचं नाव, टिंब आणि पुढं ते नाव असं लिहायचं. इंग्रजी भाषांत हे आहेच, नेमस्पेस म्हणतात. मला ते माहीत नाही असं तिला वाटतं की काय? ती टिंबं पोरांच्या डोक्यावर नकोत म्हणून तर मी हा सगळा खटाटोप केला.

उत्तर दिलेलं नाही. देणारही नाही.

१३ सप्टेंबर, मंगळवार

तिचाच फोन आला. ती धारूरला हंगामी वसतिगृह बघते. दसऱ्यानंतर आई-बाप ऊस तोडायला निघून गेले की ज्या पोरांचं घरी कुणी उरत नाही, ती सहा महिने तिथं राहतात आणि शाळा शिकतात. ती स्वतः तशाच घरातली. आई-वडील अजून कोयता घेऊन जातात. तिथल्या पोरांना ती बालाघाट शिकवते. माझी भाषा खरोखर वापरणारी पोरं उभ्या महाराष्ट्रात एवढीच, म्हणून फोन घेतला.

"सर, दोन फायलींत एकच नाव आलं तर?"

"शेवटचं खरं."

"कावून?"

"कारण मी तसं लिहिलंय."

ती म्हणाली, "पण सर, जे पुसलं जातंय ते पण कुणाचं तरी असतंय. ज्यानं लिहिलं त्याला कळायला तर पाहिजे."

"पोरांच्या वीस ओळींच्या प्रोग्रॅमला हे सोंग कशाला?"

"पोरं वीस ओळींवर थांबणार हायेत का?"

मी बराच बोललो. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. शेवटी ती म्हणाली, "बरं सर, कंपायलर थांबवू नका. निदान सूचना तरी द्या. हे नाव दुसऱ्यांदा आलंय, एवढंच." हो म्हणालो, फोन संपावा म्हणून. तासाभरात लिहूनही टाकलं. नाव दुसऱ्यांदा आलं की आता पिवळ्या अक्षरांत एक ओळ येते.

माझी बायको सत्यभामा समोर मेथी निवडत होती. म्हणाली, "तिनं का म्हणून विचारलं. तुमी कारण सांगितलंच न्हाई."

मी म्हटलं, तुला यातलं काय कळतं. ती सरकारी दवाखान्यात सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर आहे. म्हणाली, "वॉर्डात दोन शांताबाई असल्या तर आमी नावानं हाक मारत न्हाई, खाटेच्या नंबरानं मारतो. तेवढं कळतं."

निवडलेली मेथी उचलून आत गेली. घरातसुद्धा माणसाला शांतता नाही.

२४ सप्टेंबर, शनिवार

आज कॉलेजच्या कार्यक्रमात बालाघाट दाखवायची होती. समोर संस्थेचे लोक, बाहेरून आलेले पाहुणे, मागं दोनशे विद्यार्थी. साधा हिशेबाचा प्रोग्रॅम नव्हे, चांगला पावसाच्या नोंदींचा सहा फायलींचा प्रोग्रॅम घेतला होता, धारूर-केज-अंबाजोगाईचा. चालवला आणि पडद्यावर पिवळ्या ओळीच ओळी. हे नाव दुसऱ्यांदा आलंय. हे नाव दुसऱ्यांदा आलंय. दहा वेळा. प्रत्येक फायलीत मी 'पाऊस' आणि 'महिना' लिहिलेलं होतं, साहजिकच.

पाहुणे म्हणाले, "सर, तुमच्या भाषेलाच तुमची भाषा कळेना की." हशा पिकला. मागची पोरं तर बाकं वाजवत होती. पुढं प्रोग्रॅम नीट चालला, उत्तर आलं, पण ते कोण बघतो.

घरी येऊन पिवळी सूचना काढून टाकली. एक ओळ, पुसली, संपलं. नवी आवृत्ती चढवली. धारूरचे कॉम्प्युटर ती आपोआप घेतात. मंगलला कळवलं नाही. कळवलं की परत 'कावून' सुरू. तिच्या हट्टापायी माझी दोनशे लोकांत शोभा झाली, ती तिनं पाहिली नाही हेच नशीब.

९ ऑक्टोबर, रविवार

धारूरला गेलो होतो. किल्ल्याच्या अलीकडं रस्त्याला ट्रकची रांग लागलेली, भांडीकुंडी, कोंबड्या, सरपण, वर बसलेली माणसं. वसतिगृहाच्या दारात आया पोरांना सोडून जात होत्या. कुणी रडत नव्हतं. रडायचं ते घरीच उरकून आलेले असावेत.

पोरांनी केलेला प्रोग्रॅम पाहिला आणि खरं सांगतो, चार वर्षांचं चीज झालं असं वाटलं. आई-बाप दर हंगामाला वेगळ्या कारखान्यावर, वेगळ्या मुकादमाबरोबर, फोनचा नंबरही बदललेला. म्हणून प्रत्येक पोरानं स्वतःच्या नावाची नोंद लिहिलीय: आई कोण, वडील कोण, कारखाना कोणता, या वर्षीचा नंबर काय. नाव टाइप करायचं की माणसं कुठं आहेत ते पडद्यावर येतं. वसतिगृहात दोन सायली आहेत, तर त्यांनी आपापसांत ठरवून 'मोठीसायली' आणि 'धाकटीसायली' लिहिलंय. बघा, पोरांना जमतं. टिंबं लागत नाहीत.

आरोही नावाची नऊ वर्षांची पोरगी आईचा हात धरून कॉम्प्युटरपाशी उभी होती. आईचं नाव भिवराबाई. नवरा नाही, दीर-जावेबरोबर तोडीला जाते. तिनं विचारलं, "मास्तर, पोरीनं ह्याच्यात नाव घातलं की मी सापडन का?"

"कधीही," मी म्हणालो.

पोरीनं तिच्यासमोर आपलं नाव लिहिलं. 'भिवराबाई' आलं. बाईनं पडद्याला बोट लावून पाहिलं आणि निघाली.

नंतर मंगलनं वस्त्यांचा विषय परत काढला. पोरांच्या देखत. मी म्हटलं, तुला नाव करायचंय तर स्वतःची भाषा काढ, माझ्या भाषेवर चढू नकोस. तिनं मला चहा आणून दिला, स्वतः घेतला नाही. गाडीपर्यंत सोडायला आली नाही. शिकवून मोठं केलं की माणसं अशी वागतात.

२० नोव्हेंबर, रविवार

कटिंगला बसलो होतो तेव्हा मंगलचा मेसेज. दीड महिन्यानंतर. वडवणीच्या वसतिगृहानंही आमचा प्रोग्रॅम घेतलाय, त्यांच्या पोरांची फाइल धारूरच्या फायलीला जोडली. धारूरची एकोणसाठ, वडवणीची बावन्न. "पिवळी सूचना एकही आली नाही सर. म्हणजे नावं कुठं आदळत नाहीत ना?"

बाकी काही नाही. अभिनंदन नाही, आभार नाही. एकशे अकरा पोरं माझी भाषा वापरतात आणि हिचं लक्ष आदळण्याकडं. न्हाव्यानं मान खाली दाबली होती, मी नुसता अंगठा पाठवला.

१४ डिसेंबर, बुधवार

दुपारी सत्यभामाचा वॉर्डातून फोन. धारूरच्या वसतिगृहातली पोरगी आणलीय, अपेंडिक्स फुटलेलं, ताबडतोब ऑपरेशनला घेतलं. आरोही. मंगल जीपमध्ये तिला मांडीवर घेऊन आली. सहीही तिनंच केली.

संध्याकाळी गेलो. पोरगी शुद्धीवर होती, तोंड कोरडं पडलेलं. धोका टळला म्हणाले. मंगलच्या ओढणीवर उलटीचे डाग होते. म्हणाली, "निघताना मावशींना सांगितलं, आईला फोन लावा. लागला. उसाच्या फडात रेंज नव्हती, मुकादमानं उचलला आणि निरोप पोचवला. उद्या सकाळपर्यंत येतेत."

म्हणजे मावशींनी, ज्या वसतिगृहात स्वयंपाक करतात, नाव टाइप केलं आणि माणसं सापडली. सत्यभामाला म्हटलं, हे बघ, यासाठी चार वर्षं घातली. ती सलाइन बदलत राहिली.

१५ डिसेंबर, गुरुवार

घडलं तसं लिहितो.

सकाळी डबा द्यायला वॉर्डात गेलो तर मंगल खाटेपाशी बसलेली आणि दारातून एक माणूस आला. अंगावर उसाचा पाला चिकटलेला, हातांना चिरा. रात्रभर एका ट्रकमधून दुसऱ्यात बसत सांगलीकडून आला होता. "आरोही कुठं हाय?" सत्यभामानं खाट दाखवली. तो धावत गेला, चादर बाजूला केली आणि बघत राहिला.

"ही माझी न्हाई," तो म्हणाला.

कुणाला काही समजेना.

"ही माझी पोरगी न्हाई. माझी कुठं हाय? फोन आलता, आरोही लई आजारी हाय, अंबाजोगाईला आणलंय. माझी पोरगी कुठं ठेवलीय?"

त्यानं पुढच्या खाटेवरची चादर ओढली. त्याच्या पुढचीही. दोन बाया ओरडल्या. सत्यभामानं त्याचा हात धरला तर तो तिलाच विचारायला लागला, "बाई, खरं सांगा. गेली का?"

त्याचं नाव तानाजी. त्याची आरोही वडवणीच्या वसतिगृहात आहे. मंगलनं तिथं फोन लावला, पोरगी फोनवर आली, म्हणाली, "दादा, मी जेवतेय." तो भिंतीला टेकून खाली बसला. फोन कानाला तसाच, पलीकडून पोरगी "दादा, दादा" करतेय आणि हा नुसता मान हलवतोय.

मग उठला. "कुणी केलं हे? ह्याचा मालक कोण हाय?"

मंगल पुढं झाली. "दादा, मी बघते ते. चुकलं माझं." तो तिला जे बोलला ते तिनं ऐकून घेतलं. मी तिथंच होतो. डब्याची पिशवी हातात होती.

आणि तोपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं की भिवराबाईला कुणीच कळवलेलं नाही. पोरीचं पोट चिरून एक दिवस होत आला, आईला पत्ता नाही. पोरगी सकाळपासून विचारत होती, आई कुठवर आली.

बाहेरच्या व्हरांड्यात मी मंगलला गाठलं. म्हटलं, दोन फायली जोडताना डोळे कुठं होते तुझे? दोन आरोही दिसल्या नाहीत? माझ्या भाषेला काळं फासलंस.

तिनं फोन काढला. वीस नोव्हेंबरचा मेसेज. म्हणजे नावं कुठं आदळत नाहीत ना? खाली माझा अंगठा.

"सर, मी पिवळ्या ओळीची वाट बघितली," ती म्हणाली. "आली न्हाई, म्हणून तुमाला विचारलं."

मी म्हणालो, सूचना सप्टेंबरमध्येच काढली.

"मला सांगितलं का?"

मी डबा सत्यभामाच्या टेबलावर ठेवला आणि घरी आलो.

१६ डिसेंबर, शुक्रवार

राग जात नाही. आज कुणाकुणावर होता त्याची गणती केली: पडद्यावरचं आईचं नाव न बघता नंबर लावणाऱ्या, कोणत्या गावची आरोही एवढंही न सांगणाऱ्या मावशींवर. हसणाऱ्या पाहुण्यांवर. मेसेज जपून ठेवणाऱ्या मंगलवर. पोरीला दुसरं नाव न सुचलेल्या दोन्ही घरांवर. असं लिहिलं तेव्हा मलाच वाचवेना.

सूचना काढली तेव्हा काढण्याला कारण होतं. ते कारण मी आज सत्यभामाला सांगायला गेलो. "लोक हसले म्हणून," एवढं बोलून झालं आणि पुढं काही सापडेना. ती युनिफॉर्मला इस्त्री करत होती. म्हणाली, "मी वॉर्डात औषधाच्या चिठ्ठीवरची एक ओळ अशी खोडली असती तर तुमी मला काय म्हटलं असतं?"

कॉलेजात गेलो नाही.

१७ डिसेंबर, शनिवार

भिवराबाई आली. दोन दिवसांनी. मंगलनं धारूरच्या मूळ फाइलमधून तिचा नंबर काढून निरोप धाडला होता, तो काल पोचला. खाटेपाशी गेली, पोरीच्या कपाळावर हात ठेवला, पोरगी एकदाच "आई" म्हणाली आणि झोपी गेली. बाई रडली नाही. मंगलला म्हणाली, "तू व्हतीस म्हणून." मग माझ्याकडं वळली. मला विसरली नव्हती.

"मास्तर, माझ्या पोरीनं नाव लिहिलं व्हतं ना? माझ्या म्होरं लिहिलं व्हतं."

"हो."

"मंग?"

मी सांगायला लागलो. दोन फायली, एक यादी, दोन मुली एकाच नावाच्या. माझं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "ते समजलं. दुसऱ्याची आरोही सापडली. पण माझी कुठं गेलती?"

बारावी शिकवल्यासारखं काहीतरी सुरू करणार होतो. मंगल माझ्याकडं बघत होती. खरं उत्तर दोन शब्दांचं आहे आणि ते तेरा सप्टेंबरला मंगलनं मला फोनवर सांगितलं होतं.

"पुसली गेली," मी म्हणालो. "दुसरी आली तशी पहिली पुसली. तसं मीच लिहिलंय. नाव पुसताना लिहिणाऱ्याला कळावं म्हणून मंगलनं एक ओळ घालायला लावली होती, तीही मीच काढली. ह्या पोरीचा काही दोष नाही."

भिवराबाईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता बोलेल ते बोलेल. ती एवढंच म्हणाली, "पुसायच्या आधी कुणाला इचारावं वाटलं न्हाई?"

घरी येताना स्कूटर ढकलत आणली.

२२ डिसेंबर, गुरुवार

आरोहीला आज सोडलं. भिवराबाई तिला परत वसतिगृहात ठेवणार नाही. आठ दिवस बहिणीकडं राहील, मग पोरीला घेऊन फडावर. मंगलनं पुष्कळ समजावलं, शाळा बुडेल, टाके ओले आहेत, चौथीचं वर्ष आहे. मीही बोललो. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. मंगलला म्हणाली, "पोरी, तुझ्यावर राग न्हाई. पर आता ती मला डोळ्यांम्होरं पाहिजे. उसात असली तरी कुठं हाय ते मला ठावं असंल."

बसमध्ये पोरीला खिडकीशी बसवून तिनं तिच्या पोटाशी गाठोडं धरलं होतं, टाक्यांना गचके लागू नयेत म्हणून. मंगल बस वळेपर्यंत उभी. मी म्हणालो, "मंगल, बालाघाट आजपासून तू सांभाळ. सगळं तुझ्या हाती देतो."

तिचा इतका चढलेला आवाज मी सहा वर्षांत ऐकला नव्हता. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली.

"मला तुमची भाषा नको सर. तीन महिने मी एका प्रश्नाचं उत्तर मागत व्हते. चुकीचं दिलं असतं तरी चाललं असतं, मी भांडले असते. तुमी दिलंच न्हाई. आणि आता सगळं माझ्या गळ्यात टाकून मोकळं व्हायलात."

रिकामी पाण्याची बाटली तिनं पिशवीत कोंबली. "एकोणीस फायली पाठवल्यात. वाचा. वाचून झालं की धारूरला या आणि पोरांना सांगा आरोही कावून येणार न्हाई. मी सांगणार न्हाई."

२५ डिसेंबर, रविवार

तीन दिवस फायली वाचल्या. पहिल्या दिवशी चुका शोधायला म्हणून वाचत होतो. दोन सापडल्या, त्याही माझ्या जुन्या ओळींतल्या.

तिनं काम दोन फेऱ्यांत विभागलंय. पहिल्या फेरीत कंपायलर सगळ्या वस्त्यांतली नावं नुसती गोळा करतो, कुणाचा अर्थ लावत नाही. दुसऱ्या फेरीत, सगळी नावं समोर असताना, एकेक नाव कुणाचं ते ठरवतो. त्यामुळं कोणती फाइल आधी वाचली, कोणती नंतर, यानं काही बदलत नाही. माझ्या कंपायलरात सगळं त्याच्यावरच होतं. वडवणीची फाइल आधी जोडली असती तर धारूरची आरोही टिकली असती आणि तानाजीची पुसली गेली असती. हे मी चार वर्षं साधेपणा म्हणून मिरवलं.

एकाच वस्तीत नाव दुसऱ्यांदा आलं तरी तो थांबतो. आणि संदेश. तिनं लिहिलेला संदेश असा आहे: "हे नाव दोन वस्त्यांत आहे. मी अंदाज करणार नाही. कोणतं ते सांगा." ही ओळ वाचून उठलो आणि गच्चीवर जाऊन उभा राहिलो. ऊन लागेपर्यंत.

मग तिचा कंपायलर धारूर आणि वडवणीच्या त्याच फायलींवर चालवला. दोन आरोही सापडतील हे माहीत होतं. पहिला संदेश आला, आरोही. त्याच्याखाली दुसरा. तिसरा. सात आले.

जुन्या कंपायलरची यादी काढून मोजली. एकशे अकरा नसून एकशे चार. वीस नोव्हेंबरपासून धारूरच्या सात पोरांच्या आया यादीत नव्हत्या. मी फक्त मोजायला हवं होतं.

सत्यभामाला बोलावून पडदा दाखवला. तिनं सातही नावं वाचली. म्हणाली, "हे ज्यांचं हाय त्यांना सांगा. मला काय दाखवता."

२८ डिसेंबर, बुधवार

मंगलचा बदल स्वीकारला. आवृत्तीच्या टिपणात लिहिलं: हा बदल मंगल यांनी ११ सप्टेंबरला पाठवला होता. मी तो न वाचता अडवला, आणि त्यांनी मागितलेली सूचना कुणाला न सांगता काढली. त्यामुळं धारूरच्या सात मुलांच्या नोंदी पुसल्या गेल्या आणि एका आईला दोन दिवस उशिरा कळलं. खाली पूर्ण नाव. हे लिहितानाही मनात आलं की कॉलेजातले वाचतील. आलं ते लिहून ठेवतो.

मंगलला मेसेज केला. उत्तर: "शुक्रवारी शाळा सुटल्यावर या."

३० डिसेंबर, शुक्रवार

पोरं सतरंजीवर बसली होती. अठ्ठावन्न. मंगल मागं दाराशी उभी राहिली, ओळख वगैरे करून दिली नाही.

सोपं करून सांगायचं असं ठरवून गेलो होतो. पण ह्या पोरांना सोपं करून सांगायची काय गरज, प्रोग्रॅम त्यांचाच. फळ्यावर दोन्ही फायली मांडल्या, यादी मांडली, आरोहीचं नाव लिहिलं, दुसरी आरोही आली तसं पहिलं डस्टरनं पुसलं. पिवळी ओळ कुणी काढली ते सांगितलं. का काढली तेही सांगितलं. लोक हसले म्हणून. एकही पोरगं हसलं नाही.

मागच्या रांगेतून अजिनाथ नावाचं पोरगं उठलं. सहावीतलं असेल. "सर, आरोही शाळेत परत येणार का?"

"मला माहीत नाही. तिची आई माझ्यावर रागावलीय, आणि तिचा राग खरा आहे."

तो बसला नाही. "अजून कुणाकुणाचं पुसलं होतं?"

"तुमच्यातल्या सहा जणांचं."

खोलीत चुळबुळ झाली. पुढं बसलेली एक बारकी पोरगी म्हणाली, "म्हंजी आमी आजारी पडलो असतो तर दुसऱ्याचीच आई आली असती?"

"हो."

"नावं सांगा."

मी मंगलकडं पाहिलं. तिनं मान हलवली नाही, नजरही काढली नाही. खिशातून कागद काढला. आता सगळं दुरुस्त झालंय, घाबरू नका, असं आधी म्हणावं असं वाटत होतं. म्हणालो नाही. पहिलं नाव वाचलं, सुग्रीव. एक पोरगं उभं राहिलं. दुसरं वाचलं. अजिनाथ. तो उभाच होता. तिसरं, चौथं. पाचवी ती पुढची बारकी पोरगी निघाली, राधा. उठताना शेजारणीचा हात सोडला नाही, म्हणून दोघी उठल्या.

सहावं नाव वाचून कागद घडी केला. ती सगळी उभी राहून माझ्याकडं बघत होती. बसा म्हणायचा अधिकार मला आहे असं वाटेना, म्हणून मीही तसाच उभा राहिलो.